डीएमएक्सची लाईन टाकताना: प्रकाशयोजनेत नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या व्यावसायिक प्रयोगात दुसऱ्या अंकाला सायक्लोरामावरचे (मागच्या मोठ्या पडद्यावरचे) ‘पार’ नावाचे एलईडी लाइट लुकलुकायला लागले. नाटकात मध्यरात्र होती, मागे संथ गडद निळा हवा होता, आणि तिथे विजा चमकत होत्या. मी लाइट चालवायच्या बोर्डावर फेडर (सरकती बटणं) खालीवर करत राहिलो, काही उपयोग झाला नाही. पुढच्या दोन प्रयोगांत आम्ही पार बदलले, बोर्ड बदलला, तरी तेच. शेवटी एका ज्येष्ठ लाइटवाल्या काकांनी आमच्या लाईनमध्ये खोचलेला दोन तोंडांचा जोड काढून टाकला, केबल सरळ एका लाइटमधून दुसऱ्यात नेली आणि शेवटच्या पारमध्ये एक छोटा प्लग लावला. लुकलुक तिथेच थांबली. त्या प्लगच्या आत एक रेझिस्टर होता, ज्याची किंमत वडापावपेक्षाही कमी असते.

त्यानंतर जी जी लाईन बिघडलेली पाहिली, तिच्यात बहुतेक वेळा दोष तारेत, जोडात किंवा लाईनच्या मांडणीत निघाला. लाइट आणि बोर्ड बिचारे उगाच बोलणी खातात. हा लेख फक्त या तारेबद्दल, म्हणजे डीएमएक्सच्या लाईनबद्दल आहे: बोर्डातून निघालेला सिग्नल प्रत्येक लाइटपर्यंत स्वच्छ कसा पोहोचवायचा.

मुंबईत नाट्यगृह सत्रावर मिळतं. दादरचं शिवाजी मंदिर असो, पार्ल्याचं दीनानाथ असो की बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, आधीच्या सत्राचा सेट टेम्पोत चढेपर्यंत रंगमंच तुमच्या हाती येत नाही. मग सेट लागतो, लाइट लागतात, आणि तिसरी घंटा वेळेवर व्हावी लागते. त्या घाईत तारेचा दोष शोधणं फार जड जातं. म्हणून खालच्यातली निम्मी कामं घरी किंवा तालमीच्या हॉलमध्येच उरकायची आहेत.

१. तारेतून काय जातं ते आधी समजून घ्या

डीएमएक्स ५१२ ही पद्धत अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ मध्ये ठरवली. एका लाईनवर ५१२ चॅनेल (लाइटच्या तेज, रंग अशा एकेका गोष्टीसाठी एकेक रकाना) असतात आणि प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ यांपैकी एक आकडा मिळतो. बोर्ड हे आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकामागून एक पाठवतो, सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने. सगळे ५१२ चॅनेल पाठवले तर सेकंदाला साधारण ४४ फेऱ्या होतात.

लाईनवरच्या प्रत्येक लाइटला सगळे आकडे ऐकू येतात. दादरच्या फलाटावरची घोषणा सगळ्यांच्या कानावर पडते, पण ज्याला बोरिवली स्लो पकडायची आहे तोच पुढे सरकतो. लाइटही आपला ॲड्रेस (त्याला नेमून दिलेला पहिला चॅनेल) आला की तेवढेच आकडे उचलतो.

नवीन माणसाने इथे एक गोष्ट मनात पक्की करावी. साध्या डीएमएक्समध्ये लाइट उलट उत्तर देत नाही. मधली केबल तुटली तरी बोर्डावर सगळे फेडर शहाण्यासारखे शंभर टक्के दाखवतात. बोर्डावर सगळं ठीक दिसणं हा लाईन ठीक असल्याचा पुरावा नाही. शिवाय आकडा वाटेत बिघडला तर तो ओळखण्याची सक्तीची सोय या पद्धतीत नाही. म्हणून आतषबाजी, सरकता सेट, जमिनीतला दरवाजा, ज्याने माणसाला इजा होऊ शकते असं काहीही डीएमएक्सवर चालवू नका. कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा.

तारा तीन: डेटा प्लस, डेटा मायनस आणि कॉमन. दोन्ही डेटाच्या तारांवर सिग्नल एकमेकांच्या उलट असतो आणि लाइट त्यांच्यातला फरक वाचतो. बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, त्यामुळे फरकात तो उरत नाही. दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो तो याचसाठी.

२. सोबत काय न्यायचं

कागद:
- लाईनचा आराखडा: कुठून निघून कुठल्या क्रमाने कुठे संपते
- पॅच शीट: प्रत्येक लाइटचा मोड (तो किती चॅनेल वापरतो ती सेटिंग), ॲड्रेस आणि जागा
- भाड्याच्या सामानाची यादी, स्प्लिटर आणि केबलच्या संख्येसकट. बरेच जण यादीत फक्त लाइट लिहितात आणि केबल ‘येईलच’ म्हणून सोडून देतात. ती येत नाही.

सामान:
- डीएमएक्स केबल, लागतील त्यापेक्षा चार-पाच जास्त
- ऑप्टो स्प्लिटर (एका लाईनच्या अनेक लाईन करणारा डबा)
- टर्मिनेटर (लाईनच्या शेवटी लावायचा तो रेझिस्टरचा छोटा प्लग), प्रत्येक लाईनला एक आणि वर दोन
- तीन पिन ते पाच पिन आणि पाच ते तीन असे दोन्ही तऱ्हेचे कनेक्टर
- मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान, काँटॅक्ट क्लीनर
- कापडी टेप, मार्कर, टॉर्च

३. लाइट टांगण्याआधी लाईन कागदावर काढा

नियम एकच: साखळी. बोर्डातून पहिल्या लाइटमध्ये, पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्याच्या इनमध्ये, असं शेवटपर्यंत. मध्येच फाटा फोडायचा नाही. माइकच्या कामात वापरतात तसा एकाचे दोन करणारा जोड इथे चालत नाही. सिग्नल फाट्यावर आणि मोकळ्या टोकावर आदळून मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. वाईट म्हणजे चार-पाच लाइट असताना असा फाटा चालूनही जातो. त्यामुळे आपलं बरोबर आहे असं वाटतं, आणि मोठ्या प्रयोगाला तो नडतो. आमचं तसंच झालं होतं.

दुसरी मर्यादा ३२ ची. एका लाईनवर ३२ लाइटपेक्षा जास्त भार टाकू नये. लोक चॅनेलचा हिशेब करतात आणि इथे चुकतात. सात चॅनेलचा पार असेल तर ५१२ मध्ये ७३ पार बसतात, हे खरं. पण ते कागदावर. विजेच्या हिशेबाने ३२ च्या पुढे सिग्नल दमतो. मी स्वतः एका लाईनवर वीसच्या वर जात नाही.

एक साधं दोन अंकी नाटक घ्या. प्रेक्षागृहातून येणारे आठ प्रोफाइल (रेखीव झोत टाकणारे लाइट), पहिल्या बारवर (लाइट टांगायच्या दांडीवर) दहा पार, सायक्लोरामावर बारा, दोन्ही विंगांत मिळून जमिनीवर सहा. एकूण ३६. हे सगळं एका साखळीत ओवलं तर संख्या ओलांडतेच, शिवाय तार प्रेक्षागृहातून विंगेत, विंगेतून वर, वरून मागे, पुन्हा खाली अशी भटकते, आणि पहिल्या दहा फुटांत काही बिघडलं तर अख्खा रंगमंच जातो. त्याऐवजी चार लाईन करा: प्रेक्षागृह, पहिला बार, सायक्लोरामा, जमीन. चौघींचं मूळ एका स्प्लिटरमध्ये. चारही लाईनवर तोच सिग्नल जातो, त्यामुळे ॲड्रेस एकाच क्रमाने पुढे चालू ठेवायचे.

४. केबल

माइकची केबल वापरू नका. बाहेरून ती हुबेहूब तशीच दिसते, प्लगही तोच असू शकतो, पण डीएमएक्सला सुमारे १२० ओहम इंपिडन्सची, पीळ दिलेल्या जोडीची, कमी कपॅसिटन्सची केबल लागते. माइकची केबल त्याहून बरीच कमी इंपिडन्सची असते आणि तिच्यात सिग्नलच्या कडा बोथट होतात. डिजिटल ऑडिओसाठी मिळणारी ११० ओहमची केबल चालते. लॅमिंग्टन रोडला केबल मीटरवर मिळते. दुकानदाराला ‘डीएमएक्सची द्या’ एवढंच सांगून थांबू नका, केबलवरची छपाई वाचा, आणि रीळ घेण्याआधी पाच मीटरचा तुकडा घेऊन बघा.

प्रमाण कनेक्टर पाच पिनचा एक्सएलआर आहे: १ कॉमन, २ डेटा मायनस, ३ डेटा प्लस, ४ आणि ५ दुसऱ्या लाईनसाठी राखीव. आपल्याकडच्या बऱ्याचशा एलईडी पारना मात्र तीन पिनचा कनेक्टर असतो. तिथे धोका वेगळा आहे. तोच प्लग माइकचा. चुकून साउंडच्या मिक्सरमध्ये खोचला आणि तिथे फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू असेल तर ४८ व्होल्ट थेट डीएमएक्सच्या चिपवर जातात. ती चिप जेमतेम उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट सहन करण्यासाठी बनवलेली असते. म्हणून साउंडवाल्यांच्या आणि आपल्या केबलवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावा, आणि रंग त्यांना सांगून ठेवा.

केबल स्वतः सोल्डर करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. जाळी (तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) फक्त पिन १ ला जोडा, प्लगच्या धातूच्या अंगाला नाही. नाहीतर प्रत्येक लाइटच्या पत्र्याशी आणि तिथून अर्थिंगशी कॉमन जोडला जातो. आणि जोड झाल्यावर मल्टिमीटरने पिन ते पिन बीप तपासा, मग केबल प्लगजवळ हलवत पुन्हा तपासा. २ किंवा ३ पैकी एकच तार तुटलेली असेल तर केबल पूर्ण मरत नाही. जवळचे लाइट चालतात, लांबचे लुकलुकतात. असा अर्धवट दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातो.

काही जुन्या लाइटमध्ये २ आणि ३ उलटे जोडलेले असतात. त्यांच्यासाठी उलटा जोड बनवून त्यावर ठळक ‘उलटा’ लिहा. न लिहिलेला उलटा जोड पुढच्या प्रयोगात चांगल्या लाईनमध्ये जातो.

५. स्प्लिटर: इथे पैसे वाचवू नका

स्प्लिटर म्हणजे एक इन, चार किंवा आठ आउट असलेला डबा. आत प्रत्येक आउटला सिग्नल नव्याने, पूर्ण ताकदीने तयार होतो. त्यामुळे प्रत्येक आउटला पुन्हा ३२ लाइटची मुभा मिळते आणि मूळ लाईनच्या हिशेबात स्प्लिटर फक्त एक लाइट म्हणून धरला जातो. एका लाईनमध्ये शॉर्ट झाला तरी बाकीच्या चालू राहतात.

पण माझ्या मते त्याचं मोठं काम ‘ऑप्टो’ या शब्दात आहे. आत सिग्नल प्रकाशाच्या रूपाने उडी मारतो: एका बाजूला इवला एलईडी, समोर प्रकाश ओळखणारा भाग, दोघांमध्ये तार नाही. त्यामुळे रंगमंचाकडून आलेला चुकीचा व्होल्टेज बोर्डापर्यंत पोहोचत नाही.

हे मला गणेशोत्सवात समजलं. एका मंडळाच्या देखाव्याला बोर्ड शेजारच्या इमारतीतून घेतलेल्या विजेवर होता आणि मंडपातले लाइट जनरेटरवर. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. दोन अर्थमध्ये फरक पडला की तो करंट वाट शोधतो, आणि साध्या डीएमएक्स केबलचा कॉमन ही त्याला सोपी वाट असते. पहिल्याच रात्री बोर्डाचा आउटपुट गेला. दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या जागी दुसरा आणून मध्ये ऑप्टो स्प्लिटर टाकला, आणि विसर्जनापर्यंत पुन्हा हात लावावा लागला नाही. वीज दोन ठिकाणांहून येत असेल तिथे ऑप्टोशिवाय लाईन जोडू नका.

भाड्याने किंवा विकत घेताना डब्यावरच्या छपाईवर विसंबू नका. वीज आणि सगळ्या केबल काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा. इनच्या पिन १ पासून प्रत्येक आउटच्या पिन १ पर्यंत तपासा. बीप वाजला तर तो नावाचाच ऑप्टो आहे. मग एका आउटच्या पिन १ पासून दुसऱ्या आउटच्या पिन १ पर्यंत तपासा. तिथेही शांतता असेल तर प्रत्येक आउट स्वतंत्र तोडलेला आहे, तो डबा उत्तम.

स्प्लिटर लाईन जिथे फुटतात त्या जागेजवळ ठेवा, म्हणजे बहुधा विंगेत. बोर्डाजवळ ठेवलात तर चार लांब तारा प्रेक्षागृहातून ओढाव्या लागतात. त्याला वीज मात्र डायरेक्ट द्या. डिमरच्या (लाइटची वीज कमीजास्त करणाऱ्या उपकरणाच्या) चॅनेलवर स्प्लिटर लावलेला मी दोन वेळा पाहिला आहे. ब्लॅकआउटला डिमर शून्यावर गेला की स्प्लिटरच बंद, आणि डिमरची कापलेली वीज त्याच्या पॉवर सप्लायला घातकही असते. एलईडी लाइट आणि मूव्हिंग हेड (डोकं फिरवणारे लाइट) यांनाही हाच नियम. स्विचवर टेप मारा. विंगेतल्या अंधारात कुणाचाही पाय लागतो.

‘थ्रू’ लिहिलेला कनेक्टर हा आउट नव्हे. तो इनशीच थेट जोडलेला असतो. तिथून दुसऱ्या स्प्लिटरला लाईन न्या, किंवा काही न्यायचं नसेल तर तिथे टर्मिनेटर लावा.

६. टर्मिनेटर

प्रत्येक लाईनच्या शेवटच्या लाइटच्या आउटमध्ये. रिकाम्या प्लगमध्ये पिन २ आणि ३ च्या मध्ये १२० ओहम, पाव वॉटचा रेझिस्टर सोल्डर करा, पिन १ मोकळी. अर्ध्या तासात दहा होतात. चार आउटचा स्प्लिटर म्हणजे चार टर्मिनेटर. काही लाइटमध्ये टर्मिनेशनचा स्विच असतो. तो मधल्या एखाद्या लाइटवर चालू राहिलेला नाही ना, ते बघा.

७. ॲड्रेस

मोड आधी, ॲड्रेस नंतर. सात चॅनेलचा पार असेल तर पहिला १, दुसरा ८, तिसरा १५. जुन्या लाइटना डिस्प्लेऐवजी छोटे स्विच असतात, त्यांची किंमत १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. ५७ हवा तर ३२, १६, ८ आणि १, म्हणजे सहावा, पाचवा, चौथा आणि पहिला स्विच चालू. हे काम जमिनीवर, उजेडात करा आणि ॲड्रेस लाइटवर टेप लावून लिहा.

८. नाट्यगृहात गेल्यावर

आधी नाट्यगृहाच्या इलेक्ट्रिशियनना भेटा. डायरेक्ट वीज कुठून घ्यायची, डिमरचा रॅक कुठे आहे, बोर्डाच्या जागेपासून रंगमंचापर्यंत नाट्यगृहाची स्वतःची डीएमएक्स लाईन आहे का आणि ती शेवटची कधी वापरली, हे विचारा. ती लाईन असेल तरी आपली एक लांब केबल हाताशी ठेवा.

मग या क्रमाने:

बोर्ड, स्प्लिटर आणि एक लाइट स्प्लिटरच्या शेजारी. तो चालला की पुढे. लाईन अंथरून झाली, टर्मिनेटर लागला, पण बोर्डाकडचं टोक अजून मोकळं आहे, अशा वेळी त्या टोकाच्या २ आणि ३ मध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. १२० च्या जवळपास किंवा लाइटच्या भारामुळे थोडं कमी दिसलं तर बरोबर. ६० च्या आसपास म्हणजे दोन टर्मिनेटर. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. काहीच नाही म्हणजे तार तुटलेली किंवा टर्मिनेटर विसरलात. या एका मिनिटाने मला जितक्या वेळा वाचवलं आहे तितकं दुसऱ्या कशानेही नाही. बार वर जाण्याआधीच हे मोजा; बार वर गेला की शिडी आली.

डेटाची केबल विजेच्या केबलसोबत बांधू नका. एक हात अंतर ठेवा, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. डिमरच्या रॅकला वळसा घाला. प्रेक्षकांच्या वाटेवरून जाणारी केबल संपूर्ण टेपखाली.

पावसाळ्यात प्लगच्या पिना काळ्या पडतात. समुद्राची हवा, दमट गोडाऊन, टेम्पोतलं पाणी. जूनच्या आधी सगळ्या कनेक्टरना एकदा काँटॅक्ट क्लीनर मारून घ्या.

९. तरीही लुकलुकलं तर

एका लाइटपासून पुढचे सगळे मेले: त्याच्या आणि त्याच्या आधीच्या लाइटमधली केबल बदला. अख्खी लाईन थरथरते: टर्मिनेटर, फाटा, माइकची केबल, एक तुटलेली तार, या क्रमाने बघा. एकच लाइट भलतं करतो: मोड किंवा ॲड्रेस, तार नव्हे. ठरावीक वेळाने झटका बसतो: बोर्डावर आरडीएम चालू आहे का बघा. ही २००६ मध्ये आलेली, लाइटला उलट बोलू देणारी पद्धत त्याच तारेवरून चालते. काही जुने लाइट तिचे संदेश प्रकाशाचे आकडे समजून बसतात. प्रयोगाच्या वेळी आरडीएम बंद ठेवा. ॲड्रेस लावायला वापरायचं असेल तर स्प्लिटरही आरडीएमचा लागतो, साधा स्प्लिटर उत्तर मागे जाऊ देत नाही.

काहीच कळत नसेल तर लाईन अर्धी करा. १६ लाइट असतील तर आठव्याच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा. पहिले आठ शांत झाले तर दोष पुढच्या आठांत. मग त्यातल्या चौघांवर. चार वेळा कापलं की दोषी जागा सापडते. एकेक लाइट क्रमाने बदलत बसलात तर सत्र संपतं.

१०. एका लाईनने भागेनासं झालं की

मूव्हिंग हेड वाढले की ५१२ चॅनेल संपतात. सोळा चॅनेलचे ३२ झाले की एक युनिव्हर्स (५१२ चॅनेलचा एक संच) भरला. मग बोर्डापासून रंगमंचापर्यंत नेटवर्कची एक कॅट केबल नेतात आणि तिथे नोड नावाचा डबा तिच्यातून अनेक डीएमएक्स लाईन काढतो. आर्ट-नेट आणि एसएसीएन या त्यासाठीच्या दोन रूढ भाषा. बोर्ड आणि नोड एकाच भाषेवर, त्यांचे आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) एकाच मालिकेत, आणि एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत. नोडच्या पुढे वर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू होतं, स्प्लिटर आणि टर्मिनेटरसकट.

एक सावधगिरी. काही उपकरणांत डीएमएक्ससुद्धा नेटवर्कसारख्याच आरजे-४५ सॉकेटमधून काढलेला असतो. ते नेटवर्क नव्हे. ते नेटवर्क स्विचमध्ये खोचू नका, विशेषतः जो स्विच केबलमधून वीजही देतो त्यात तर नाहीच. सॉकेटवर आतलं काय आहे ते लिहून ठेवा.

प्रयोग संपल्यावर केबल कोपरावर गुंडाळू नका, आतला पीळ बिघडतो. सैल वेटोळी घाला, एक सुलट, एक उलट. आणि जी केबल आज संशयास्पद वाटली तिच्या दोन्ही टोकांना टेम्पोत चढण्याआधीच लाल टेप लावा. घरी जाऊन लावू म्हटलं तर ती केबल चांगल्यांत मिसळते, आणि पुढच्या रविवारी दुपारच्या सत्राला पुन्हा तुमच्याच हातात येते.